अनोळखी शहरात कॉलेजजवळ खोली शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश मिळाला की अभिनंदनाचे फोन येतात आणि त्याच संध्याकाळी घरात पहिला व्यवहाराचा प्रश्न निघतो: राहायचं कुठे? त्या एका प्रश्नाच्या पोटातून जे बाकीचे निघतात ते इथे घेतले आहेत. भाड्याचे कायदे देशागणिक, कधी कधी शहरागणिक बदलतात, तेव्हा कायद्याची बाब आली की त्या त्या ठिकाणी चौकशी करावीच लागेल. बाकीचं जवळपास सगळीकडे सारखंच असतं.

शोधाशोध कधी सुरू करू?

वसतिगृहाचा अर्ज प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी भरा. तिथे मुदत टळली की कुणी ऐकून घेत नाही.

खासगी खोलीचं गणित वेगळं आहे. भाडेकरू घर सोडत असल्याची सूचना साधारण महिना-दोन महिने आधी देतो, म्हणजे खोली रिकामी होणार हे घरमालकालाही तेव्हाच कळतं. त्यामुळे चार महिने आधी जाहिराती बघून हळहळण्यात अर्थ नसतो. त्या खोल्या तुम्ही पोहोचेपर्यंत राहणार नाहीत. मात्र काही विद्यापीठांच्या शहरांत विद्यार्थ्यांची घरं पुढच्या वर्षासाठी कित्येक महिने आधीच ठरून जातात. तुमच्या शहराची रीत कोणती, हे तिथल्या सीनियरला एक मेसेज टाकून विचारा. तोवर भाग, भाड्याचा साधारण अंदाज आणि बसचे मार्ग एवढा अभ्यास करून ठेवा.

वसतिगृह घ्यावं की बाहेर खोली?

पहिल्या वर्षी मिळत असेल तर वसतिगृह. जेवण आवडणार नाही, नियम जाचतील, खोलीत आणखी एक-दोघं असतील, हे सगळं मान्य. तरीही अनोळखी शहरात पहिल्या दिवसापासून ओळखी होतात, वीज-पाण्याची बिलं डोक्याला नसतात आणि वर्षभर शहर बघून पुढच्या वर्षीची खोली डोळसपणे निवडता येते.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर ते काढू नका. सत्र सुरू झाल्यावर काहीजण दुसरीकडे प्रवेश घेतात, काही घरी परततात, आणि यादी पुढे सरकते. म्हणूनच बाहेर खोली घेताना शक्यतो लवकर सोडता येईल असा करार बघा.

शहर पाहिलेलंच नाही. निघण्याआधी घर पक्कं करून टाकू का?

आई-वडिलांना हेच हवं असतं, कारण मुलगा किंवा मुलगी रात्री कुठे टेकणार हा घोर असतो. पण या पानावर एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या: आधी फक्त दहा-पंधरा दिवसांची सोय करा, घर तिथे जाऊन ठरवा.

तात्पुरती सोय म्हणजे कॉलेजचं अतिथिगृह, साधं लॉज, प्रवाशांसाठीची डॉर्मिटरी, नाहीतर ओळखीच्यांच्या घरचा एक कोपरा. थोडं महाग पडतं, सामान दोनदा हलवावं लागतं. पण त्या पैशांत तुम्ही वेळ विकत घेता, आणि भाड्याच्या व्यवहारात ज्याला वेळ आहे त्याचंच पारडं जड असतं. आजच्या आज खोली हवी, असं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असेल तर समोरचा ते लगेच वाचतो. मग भाडं कमी होत नाही, गळका नळ 'बघू' वर जातो आणि वर्षभराच्या करारावर उभ्या उभ्या सही होते. शेकडो मैलांवरून फोटो बघून घर ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

अपवाद दोन. एक, संस्थेचं स्वतःचं किंवा संस्थेने लेखी मान्यता दिलेलं वसतिगृह. दोन, तुमचा पूर्ण विश्वास असलेलं माणूस स्वतः जाऊन खोली बघून आलं आहे.

सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पोहोचता आलं तर फारच चांगलं. तासिका सुरू झाल्यावर घरं बघत फिरायला दुपारच उरत नाही.

'कॅम्पसपासून पाच मिनिटांवर' म्हणजे नेमकं किती जवळ?

कुणाची पाच मिनिटं, हे आधी विचारा. माणूस सरासरी ताशी पाच किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला ऐंशी मीटरच्या आसपास. पाच मिनिटांत चारशे मीटर होतात, पंधरा मिनिटांत सव्वा किलोमीटर. जाहिरातीतली पाच मिनिटं बहुधा रिकाम्या रस्त्यावरून, पहाटे, दुचाकीने काढलेली असतात.

दुसरी गोष्ट नकाशाची. नकाशावर कॅम्पसभोवती वर्तुळ काढून आतली घरं निवडणं सोपं वाटतं, पण मध्ये रेल्वेचे रूळ, नदी किंवा ओलांडता न येणारा महामार्ग असेल तर समोर दिसणाऱ्या इमारतीला दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मोठ्या कॅम्पसला अनेक फाटकं असतात आणि त्यातली काही संध्याकाळी बंद होतात. तेव्हा अंतर मोजायचं ते घराच्या दारापासून तुमच्या विभागाच्या दारापर्यंत. 'विद्यापीठाजवळ' घेतलेली खोली मुख्य फाटकाला चिकटून असते, आणि प्रयोगशाळा निघते कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला.

तिसरी गोष्ट घड्याळाची. नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ टाकता येते. सकाळच्या पहिल्या तासाची वेळ टाकून बघा. मग परतीची बघा, ग्रंथालय बंद होतं त्या वेळेची. शेवटची बस किती वाजता, सुट्टीच्या दिवशी ती धावते का, थांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्याला दिवे आहेत का. शक्य असेल तर पैसे देण्याआधी तो प्रवास एकदा खरोखर करा.

आता किती लांब चालेल? माझं मत असं, की अर्ध्या तासाचा, गाडी न बदलता होणारा प्रवास वीस मिनिटांच्या पण दोनदा गाडी बदलायला लावणाऱ्या प्रवासापेक्षा बरा. बदलताना चुकलेली एक बस सगळा हिशोब उधळते. आणि वेळेचा हिशोब कागदावर मांडाच: एका खोलीपासून जायला पंधरा मिनिटं, दुसरीपासून चाळीस. फरक रोज जाऊन-येऊन पन्नास मिनिटांचा. महिन्याला बावीस दिवस धरले तर अठरा तासांहून जास्त. लांबच्या खोलीचं भाडं जितकं कमी आहे त्यातून प्रवासखर्च वजा करा आणि उरलेल्या पैशांसाठी हे अठरा तास द्यायचे का, ते ठरवा. कधी उत्तर 'हो' येतं, त्यात वावगं काही नाही.

भाडं परवडतंय की नाही, हे कसं ठरवायचं?

जाहिरातीतला आकडा खरा खर्च कधीच नसतो. त्यात वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, इमारतीचा देखभाल खर्च आणि प्रवास मिळवा. प्रत्येक गोष्टीबद्दल वेगळं विचारा: 'हे भाड्यात धरलंय का?' 'सगळं धरलंय' हे उत्तर पुरेसं नाही.

वीज वेगळी असेल तर मीटर स्वतंत्र आहे का, ते बघा. घरमालकाने आतला पोटमीटर बसवला असेल तर युनिटचा दर विचारून लिहून घ्या. कंपनीच्या दरापेक्षा तो जास्त लावणारे असतात. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालणं. दोन हजार वॅटचा हीटर किंवा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं. यावरून स्वतःच्या बिलाचा अंदाज काढता येतो आणि चौघांच्या घरात कोण किती वापरतं हा वादही थोडा थंड होतो.

पहिल्या महिन्याचा बोजा वेगळा धरा. डिपॉझिट, आगाऊ भाडं, दलाली, आणि खोली रिकामी असेल तर गादी, टेबल, बादलीपर्यंत सगळं एकाच वेळी येतं. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता उशिरा येणार असेल तर हा महिना कसा काढायचा हे आधी ठरवा.

आणखी एक सापळा: करार बारा महिन्यांचा, शिकवणी नऊ-दहा महिन्यांची. सुट्टीत रिकाम्या खोलीचंही भाडं भरायचं असेल तर वर्षाची एकूण रक्कम तुम्ही खरोखर राहणार तितक्या महिन्यांनी भागा. स्वस्त खोली आणि महाग वसतिगृह यांतला फरक पुष्कळदा इथेच विरघळतो.

खोल्या शोधायच्या कुठे?

संस्थेच्या विद्यार्थी कार्यालयापासून सुरुवात करा, तिथे बऱ्याचदा तपासलेल्या घरांची यादी असते. मग विभागाचा सूचनाफलक, विद्यार्थ्यांचे ग्रुप, भाड्याच्या वेबसाइट. सगळ्यात भरवशाची खोली मात्र शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी सोडून जाताना सांगतो ती, कारण तिचे दोष त्याला पाठ असतात आणि लपवण्यात त्याचा फायदा नसतो. (कराराचे उरलेले महिने तुमच्या गळ्यात मारायचे असतील तर गोष्ट वेगळी. तेवढं विचारून घ्या.)

पायी फिरणंही सोडू नका. कितीतरी घरमालक वेबसाइटच्या भानगडीत पडत नाहीत, दारावर पाटी लावून मोकळे होतात.

एजंटकडे जाणार असाल तर पहिला प्रश्न दलालीचा: किती, कोण देणार, आणि कधी? करार झाल्यावर द्यायची असेल तर ठीक. नुसती यादी दाखवण्याचे किंवा घर बघण्याचे पैसे आधी मागितले तर नमस्कार करून निघा.

जाहिरात खोटी आहे हे कसं ओळखायचं?

फसवणुकीच्या गोष्टी शहरोशहरी वेगळ्या असल्या तरी त्यांचा सांगाडा एकच असतो. भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा लक्षात येण्याइतकं कमी. फोटो हॉटेलसारखे चकचकीत. घरमालक परदेशात, जहाजावर, सैन्यात, कुठेतरी, पण शहरात नाही. त्यामुळे घर दाखवता येत नाही. डिपॉझिट पाठवलं की चावी कुरिअरने येईल. आणि मागे रांग लागलेली असते: 'आणखी तिघं तयार आहेत, संध्याकाळपर्यंत सांगा.'

यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची आहे. खऱ्या घरमालकालाही घाई असू शकते, पण तो घर बघायला नाही म्हणत नाही. न बघितलेल्या घरासाठी पैसे आणि तेही घाईने, या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबा. पैसे परत मागता येणार नाहीत अशा मार्गाने मागितले, म्हणजे गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, कुणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर, तर विचार करायचंही कारण उरत नाही.

तपासण्याचे साधे उपाय आहेत. जाहिरातीतला फोटो उलट शोधात (रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधणं) टाका. तोच दिवाणखाना दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने सापडतो. वर्णनातलं एखादं वाक्य जसंच्या तसं शोधा. पत्ता नकाशावर रस्त्याच्या दृश्यात (स्ट्रीट व्ह्यू) बघा आणि खिडकीतून दिसणारा देखावा जुळतो का ते पडताळा. मालकीचा किंवा भाड्याने देण्याच्या अधिकाराचा पुरावा मागा. खरा माणूस थोडा वैतागेल, पण दाखवेल.

एक प्रकार जरा वेगळा आहे. घर खरं, चावी खरी, दाखवणारा माणूसही समोर उभा, पण तो मालक नसून काही दिवसांसाठी तेच घर भाड्याने घेतलेला पाहुणा असतो. एकाच घराचं डिपॉझिट तो अनेकांकडून घेतो आणि पसार होतो. म्हणून शेजारी, पहारेकरी किंवा इमारतीचं कार्यालय यांच्याकडे मालकाचं नाव विचारून घ्या. आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत पहिल्याच मेसेजला कुणालाही पाठवू नका. द्यायची वेळ आली तर प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा.

व्हिडिओ कॉलवरच घर बघावं लागलं तर?

आधी काढलेला व्हिडिओ नको, थेट कॉल हवा, आणि तो रस्त्यावरून सुरू व्हायला हवा: इमारतीची पाटी, जिना, दार, मग आत, कॅमेरा बंद न करता. नळ सोडायला सांगा, खिडकी उघडायला सांगा, कपाटाच्या मागची भिंत दाखवायला सांगा. नेटवर्क सारखं तुटत असेल तर त्या खोलीत तुमच्या मोबाइललाही रेंज नाही, हे एक उत्तर फुकटात मिळालं.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय काय तपासू?

खोली दिसते कशी, याकडे शेवटी बघा. ताजा रंग आणि उदबत्तीचा वास यांनी भारावून जाऊ नका. दोन्ही कधी कधी ओल झाकण्यासाठी असतात. भिंतीच्या खालच्या भागावर, खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे हात फिरवून बघा. काळे ठिपके किंवा पोपडे असतील तर तिथे ओल किंवा बुरशी असण्याची शक्यता आहे, आणि दमा असलेल्यांनी ती खोली घेऊच नये.

पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळेला? वरच्या मजल्यावर दाब पुरतो का? सगळे नळ एकदम सोडून बघा, फ्लश ओढा, सांडपाणी तुंबतं का बघा. मोबाइलचा चार्जर खिशात न्या आणि प्रत्येक सॉकेट तपासा. टेबल ठेवाल त्या जागी सॉकेट नसेल तर वर्षभर वायरी पायात येतील.

गादी घराबरोबर मिळणार असेल तर तिची शिवण उलगडून बघा. ढेकूण पूर्ण वाढला की जेमतेम पाच मिलिमीटरचा असतो आणि दिवसा दडून बसतो, पण शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात त्याचे काळपट डाग दिसतात. काही न खाता तो कित्येक महिने जगतो, त्यामुळे 'खोली दोन महिने बंदच होती' या वाक्याने निश्चिंत होऊ नका.

एका गोष्टीवर तडजोड करू नका. पाणी तापवायला गॅसचं उपकरण असेल तर ते कुठे बसवलंय आणि धूर बाहेर कसा जातो, ते बघा. बंद बाथरूममध्ये गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि माणूस दाराची कडी काढण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. हवा खेळती नसेल तर ते उपकरण बदलून मिळेल का विचारा. नाही म्हणाले तर दुसरं घर बघा. तसंच आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, सगळ्या खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या आहेत का, हेही बघा.

दुपारी बघितलेली खोली रात्री पुन्हा बघा. दिवसा शांत वाटणाऱ्या गल्लीत रात्री काय चालतं, ते तेव्हाच कळतं. आणि आत्ता राहणारा भाडेकरू भेटला तर मालक बाजूला असताना त्याला एवढंच विचारा: 'तुम्ही का सोडताय?'

एकटीने राहायचं आहे. आणखी काय बघू?

रात्री थांब्यापासून दारापर्यंतची वाट स्वतः चालून बघा. दाराला आतून कडी हवी, आणि राहायला येताच कुलूप किंवा त्याचा गाभा बदलण्याची परवानगी मागा. आधीच्या भाडेकरूंनी किती चाव्या करून ठेवल्या असतील सांगता येत नाही. बाथरूम सामायिक असेल तर कुणाकुणात आहे ते विचारा. मालक किंवा त्याची माणसं न सांगता खोलीत येणार नाहीत, हे करारात लिहून घ्या. घरं बघायला जाताना कुणाला तरी सोबत न्या, निदान पत्ता आणि वेळ कळवून जा.

करारात नेमकं काय वाचायचं?

सगळंच, आणि घरी नेऊन. 'इथेच सही करा, नेहमीचाच करार आहे' म्हणणाऱ्याला एक रात्र मागा. भाषा येत नसेल तर येणाऱ्याकडून समजून घ्या. अनेक विद्यापीठांत यासाठी विद्यार्थी मदत कक्ष असतो.

पैशांच्या बाबी बहुतेकजण वाचतात: भाडं, ते किती आणि कधी वाढणार, डिपॉझिट. सुटतात त्या बाहेर पडण्याच्या बाबी. नोटीस किती दिवसांची? लॉक-इन आहे का, म्हणजे ठरावीक महिने पूर्ण होण्याआधी सोडलं तर उरलेलं भाडं भरावं लागेल का? दुरुस्ती कोणाची? पाहुणे किती दिवस राहू शकतात?

चौघं मिळून घर घेणार असाल तर आणखी एक बघा: करार प्रत्येकाच्या खोलीचा स्वतंत्र आहे की सगळ्यांचा मिळून एक? एकत्र करारात बहुधा प्रत्येकजण पूर्ण भाड्याला जबाबदार धरला जातो. चौथा मित्र सत्राच्या मध्यावर निघून गेला तर त्याचा वाटा मालक उरलेल्या तिघांकडून मागू शकतो. जामीनदार म्हणून वडिलांची सही देतानाही हेच तपासा, नाहीतर त्यांनी तुमच्यासोबत बाकीच्या तिघांचीही हमी घेतलेली असते.

मालक तोंडी जे कबूल करतो, पंखा बदलून देईन, रंग लावून देईन, ते त्याच दिवशी त्याला मेसेजमध्ये लिहून पाठवा: 'आज बोलल्याप्रमाणे...' त्याने 'हो' म्हटलं की पुरावा झाला. कराराची सही केलेली प्रत तुमच्याकडे हवीच.

डिपॉझिट परत मिळतं का?

मिळतं, पण तयारी राहायला येण्याच्या दिवशी करावी लागते. सामान आत आणण्याआधी प्रत्येक भिंत, फरशी, नळ, पलंग यांचे फोटो काढा, ओरखड्यांचे जवळून काढा, मीटरवरचा आकडाही टिपा. ते मालकाला त्याच दिवशी पाठवून द्या म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. सोडताना त्याच क्रमाने पुन्हा काढा. वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत बहुतेक ठिकाणी फरक धरतात: रंग फिका पडणं ही झीज, भिंतीला पडलेलं भगदाड हे नुकसान. पैसे रोखीने दिले असतील तर पावतीशिवाय उठू नका.

रूममेट अनोळखी आहे. पटेल की नाही कसं कळणार?

आवडीनिवडी विचारून फारसं कळत नाही. झोपेची वेळ, पाहुण्यांबद्दलचं मत, भांडी कधी घासली जातात आणि महिन्याच्या कितव्या तारखेला त्याच्याकडे पैसे येतात, हे विचारा. जवळचा मित्र चांगला रूममेट होतोच असं नाही. उधारी आणि उष्टी भांडी यांनी चांगल्या मैत्र्या नासल्या आहेत. बिल कोणाच्या नावावर आणि कोण कधी देणार, एवढं तरी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा.

घरमालक 'विद्यार्थ्यांना देत नाही' म्हणतात. मग?

त्यांची भीती साधारण तीन गोष्टींची असते: गोंगाट, बुडालेलं भाडं, आणि सुट्टीत गायब होणं. प्रवेशाचं पत्र, ओळखपत्र, शिष्यवृत्ती किंवा पालकांच्या उत्पन्नाचा कागद आणि आधीच्या वसतिगृहाचं किंवा मालकाचं पत्र असा छोटा संच तयार ठेवा. तरीही नाही म्हणाले तर फार विनवण्या करू नका. नाखुशीने घर दिलेला मालक वर्षभर कुरकुर करतो. नकार धर्म, वंश, लिंग अशा कारणावरून असेल तर बऱ्याच देशांत तो बेकायदा ठरतो आणि संस्थेच्या विद्यार्थी कार्यालयात त्याची तक्रार करता येते.

राहायला गेलो आणि महिन्याभरात कळलं, इथे जमणार नाही. आता?

आधी करारातली नोटीस आणि लॉक-इन वाचा, मग मालकाशी बोला, आणि बोलणं लेखी करा. भाडं थांबवून दबाव आणायला जाऊ नका. त्याने तुमचीच बाजू कमकुवत होते. मालकाला मुख्य चिंता रिकाम्या महिन्यांची असते, तेव्हा 'माझ्या जागी मी माणूस आणून देतो' हा प्रस्ताव पुष्कळदा चालतो.

मात्र त्यात दोन प्रकार आहेत. नव्या माणसाच्या नावावर नवा करार झाला तर तुम्ही मोकळे. करार तुमच्याच नावावर ठेवून तुम्ही त्याला पोटभाडेकरू म्हणून ठेवलंत, तर त्याने थकवलेलं भाडं आणि फोडलेली काच दोन्ही तुमच्याच डिपॉझिटमधून जातील, आणि मालकाची परवानगी नसेल तर तो स्वतंत्र करारभंगही होतो. पहिला प्रकार मागा, आणि जुना करार संपल्याचं मालकाकडून लिहून घेतल्याशिवाय चाव्या कुणाच्या हातात देऊ नका.